भिंग डोळ्यावर असताना फोन करायचा नाही

"बंद पडलं तर कळतं हो ताई. मंद पडलं तर कळत नाही. म्हणून म्हणते, हा रकाना भरा."

मोबाइलच्या दुकानातल्या काउंटरवरच्या बाईंनी हे एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. एकदा अर्जावर पेनानं टकटक करत, आणि दुसऱ्यांदा अर्ज भरायला आलेली ती उठून निघाली तेव्हा, चष्मा कपाळावर चढवून. तिनं दोन्ही वेळा "हो हो, भरते नंतर" म्हणून वेळ मारून नेली. मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकीनं तेवढ्यात पेनाचं टोपण तोंडात घातलं होतं. ते बोट घालून बाहेर काढताना जी धांदल उडाली, तिच्यात तो रकाना राहिला तो राहिलाच. विचारलं होतं एवढंच: डेटा संपत आल्याची सूचना कोणत्या नंबरवर पाठवायची?

निष्काळजी म्हणावं अशी ती मुळीच नव्हती. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारी, पाळणाघरात लेकीला सोडताना तिथल्या ताईंना खिडकीच्या कडीबद्दल रोज विचारणारी. नवरा तिला चौकीदार म्हणायचा. नोकरीही तशीच मिळाली होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी ती शहरभर फिरून नळांचे नमुने गोळा करायची. नळाचं तोंड ज्योतीनं शेकायचं, दोन मिनिटं पाणी सोडायचं, बाटली भरायची, झाकण लावायचं, बाटलीवर वेळ लिहायची. शास्त्राची पदवी घेऊन नळ शेकतेस, असं माहेरचं कुणीतरी एकदा म्हणालं होतं. तिनं मनावर घेतलं नाही. रोज तीस-पस्तीस बाटल्या, आणि प्रत्येकीवर मिनिटासकट वेळ.

प्रश्न होता तो बाबांचा. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चढावरच्या घरात. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान विकलं, पण टेबल, भिंग, चिमटे आणि शंभरेक आजारी घड्याळं घरी घेऊन आले. अजूनही जुनी गिऱ्हाइकं चढ चढून यायची. सकाळी नऊला उजव्या डोळ्याला भिंग लागलं की एकपर्यंत बाबा म्हणजे पुतळा. श्वास घेतात की नाही, तेही जवळ जाऊन बघावं लागे.

त्या वेळात घरात फोन वाजलेला त्यांना चालायचा नाही. "हातात केसाएवढी स्प्रिंग असते. फोन वाजला, हात दचकला, स्प्रिंग उडाली. मग मी दोन दिवस गुडघ्यावर रांगत फरशी चाचपायची का? ते काम तुझ्या लेकीचं." म्हणून घरचा नियम पहिल्यापासून एकच: भिंग डोळ्यावर असताना फोन करायचा नाही. आई असताना तीसुद्धा त्या वेळात कुकर लावत नसे.

फोन करायचा नाही, आणि काळजी तर सुटत नाही. मग तिनं कॅमेऱ्याचा विषय काढला. बाबांनी आधी साफ नाही म्हटलं, मग आठवडाभर कुरकुर केली, आणि शेवटी अट घातली. "लाव. पण मग त्या वेळात फोन बंद म्हणजे बंद. बघायचंय तेवढं बघ."

कॅमेऱ्याला इंटरनेट हवं. चढावर तारेचं ब्रॉडबँड पोचत नव्हतं. तारवाला येऊन खांबाकडे बघून मान हलवून गेला होता. राहता राहिलं मोबाइल ब्रॉडबँड. तळहाताएवढा राउटर, आत सिम, घरात ठेवा नाहीतर खिशात घालून हिंडा. तिला ते पटलं. बाबा रविवारी बसनं तिच्याकडे यायचे, दीड तासाचा प्रवास. राउटर खिशात असला तर वाटेतही व्हिडिओवर दिसतील.

पुढचे तीन आठवडे तिनं डील निवडण्यात घालवले. वहीत उभ्या-आडव्या रेघा मारल्या. चढावर कुणाचं नेटवर्क किती काड्या दाखवतं, हे बघायला फोनमधली सिमं बदलत घराच्या प्रत्येक कोपऱ्यात उभी राहिली. कुणाचा करार दोन वर्षांचा, कुणाचा महिन्याचा. कुणी 'अमर्याद' म्हणतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात मर्यादा सांगतं. मर्यादा संपल्यावर एक कंपनी जोडणी तोडते, दुसरी तोडत नाही, वेग कमी करते. तिनं दुसरीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. तुटण्यापेक्षा हळू बरं, असा साधा हिशोब. नवरा वहीत डोकावून म्हणाला, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली होतीस का?"

"केली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

तर ती खूण करूनच ती दुकानात गेली होती, आणि काउंटरवरच्या बाई तिला तेच समजावत होत्या, की ताई, तुटलं तर तुम्ही धावाल. हळू झालं तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. कंपनी मेसेज पाठवते, पण तो जातो राउटरमधल्या सिमवर. राउटर काही मेसेज वाचून दाखवत नाही. तुमचा नंबर द्या इथं.

टोपण लेकीच्या तोंडातून निघालं, पण तिचं लक्ष काही पुन्हा अर्जावर बसलं नाही.

कॅमेरा बसला, बाबांच्या टेबलासमोरच्या कपाटावर. त्यात टेबल दिसे, खुर्ची दिसे, मोरीच्या दारापर्यंतची फरशी दिसे. पुढे बारीक हिरवा दिवा. पहिल्याच दिवशी तिनं फोनवर चित्र दाखवलं, तेव्हा बाबांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. वरच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे बघितलं, मग मनगटाकडे.

"दोन मिनिटं मागे आहे हे."

"असू दे हो बाबा."

"असू दे काय? माझ्या घरात चुकीची वेळ? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं दिसणारे? मलाच दिसणार."

"मग तुला तरी बरोबर दिसायला नको?"

ती वेळ काही केल्या सुधारेना, म्हणून तिनं कोपऱ्यातून काढूनच टाकली. बाबांचं समाधान झालं. मागच्या भिंतीवर टांगलेली घड्याळं तर दुरुस्तीची; कुणात सव्वाचार, कुणात पावणेअकरा, सगळी आपापल्या जागी थांबलेली. त्या खोलीत वेळ सांगणारं एकच घड्याळ होतं, बाबांच्या मनगटावरचं, आणि त्याचे काटे कॅमेऱ्यात दिसत नव्हते.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. प्रयोगशाळेच्या गाडीत बसली की ती फोन उघडायची. बाबा भिंग लावून बसलेले. शाळेचे नळ झाले, उघडायची. बाबा बसलेले. गाडी वाहतुकीत अडकली की फोन मांडीवर उघडा ठेवून द्यायची. ड्रायव्हरकाका आरशातून बघत म्हणायचे, "मॅडम, तुमच्या मालिकेत काहीच घडत नाही."

"काही घडू नये म्हणूनच बघते काका."

घरी भाजी चिरतानाही फोन समोर टेकवलेला. नवऱ्यानं एकदा विचारलं, "इतकं काय बघतेस? ते हलत तरी आहेत का?" त्यावर ती हसली होती. ते हलत नाहीत यातच तर सगळं आलं, असं तेव्हा वाटायचं.

त्या मंगळवारी सकाळी नऊला गाडी पुलावर अडकली. तिनं फोन उघडला. बाबांनी तिच्यासमोरच भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला. पूर्वेच्या खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी टेबलावरून त्यांच्या मनगटावर पडली होती. तिनं फोन तसाच उघडा ठेवला, पूल सरेपर्यंत.

पावणेदहाला बघितलं, बाबा बसलेले. साडेदहाला एका वसाहतीच्या टाकीवरून उतरताना बघितलं, भिंग डोळ्यावर. सव्वाअकराला बघितलं. बाराला बघितलं, आणि मनात आलं की आज अगदी तंद्री लागलेली दिसतेय, कुणाचं तरी अवघड घड्याळ असणार. फोन करावासा वाटला, पण भिंग डोळ्यावर होतं.

साडेबाराला ती एका शाळेत होती. हात धुवायच्या जागेत ओळीनं सहा नळ, वर छपराला काचेचा एक तुकडा. पहिला नळ शेकताना तिथून आलेलं ऊन तिच्या बोटांवर पडलं होतं. सहावी बाटली भरून तिनं वेळ लिहिली आणि मागे बघितलं, तर ऊन पहिल्या नळावरून सरकून बाजूच्या भिंतीवर गेलेलं. वीस-पंचवीस मिनिटांत एवढं सरकतं, असं ती सहज मनाशी म्हणाली. हात पुसून तिनं फोन उघडला.

बाबा. भिंग. चिमटा. मनगटावर उन्हाची पट्टी.

त्या खिडकीतलं ऊन तिला पाठ होतं. त्याच खिडकीखाली बसून ती पाढे शिकली होती. अकरा वाजले की ऊन त्या खोलीतून उठून जायचं, मग आई पडदा सरकवायची. आता एक वाजायला आला होता.

तिनं फोन अगदी डोळ्याजवळ नेला. तेव्हा कुठे कोपऱ्यात, बाबांच्या पांढऱ्या भिंतीवर, एक पांढरंच कडं गोल गोल फिरताना दिसलं. चित्र यायचं होतं. सकाळपासून यायचंच होतं. तोवर फोन तिला सकाळचं शेवटचं चित्र दाखवत बसला होता, जितक्या वेळा तिनं मागितलं तितक्या वेळा.

तिनं नियम मोडला, फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा लावला. मग शेजारच्या टेलरमावशींना. त्या भिंतीला भिंत लावून राहत, किल्ली त्यांच्याकडे असे.

"अगं, आत्ता कसा फोन करतेस? ते कामात असतील, मला ओरडतील."

"मावशी, ओरडू देत. तुम्ही आधी जा."

फोन चालूच होता. चप्पल, जिना, किल्ली, दाराचा करकर आवाज. मग मावशींचं "अरे देवा" आणि पाठोपाठ काहीच नाही. त्या शांततेत तिला नळातून पाण्याचे थेंब पडताना ऐकू येत होते; शाळेतले, की फोनमधले, हे तिला आजही सांगता येत नाही.

बाबा टेबल आणि मोरीच्या मधल्या फरशीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. साडेनऊच्या सुमारास पाणी प्यायला उठले आणि पाय अडकला. साडेतीन तास तिथेच. शुद्धीवर होते, पूर्ण वेळ.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा त्यांना ऑपरेशनसाठी आत नेण्याची तयारी चालली होती. ओठ सुकलेले, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ अजून तसाच. तिनं हात हातात घेतला. तो गार होता.

"बाबा, हाक नाही का मारायची? मावशी भिंतीपलीकडे होत्या. दुपारपर्यंत मशीनवर बसलेल्या असतात त्या."

बाबांनी तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. "हाक कशाला मारायची? तू बघत होतीस ना."

तिनं त्यांच्या अंगावरची चादर वर ओढली.

"दिवा चालू होता. मी हात केला तुला. म्हटलं, निघाली असेल, येईलच. थोड्या वेळानं पुन्हा केला. म्हटलं, गाडी अडकली असेल." त्यांनी धाप घेतली. "सात-आठ वेळा केला असेल. मग फोन वाजला."

"मीच लावला होता."

"हो. तो वाजला तेव्हा मला कळलं, तुला दिसत नाहीये. दिसत असतं तर तू पडलेल्या माणसाला फोन कशाला लावला असतास? तेव्हा मात्र घाबरलो बघ. हाक मारायला गेलो, तर आवाजच निघेना."

त्यांना आत नेलं. ती बाकावर बसून राहिली. बाराला आपण काय करत होतो, हे तिला आठवायची गरज नव्हती. बाटलीवर लिहिलेलं होतं. त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्यांवर लिहिलेलं होतं. बाबा हात वर करत होते, आणि ती गाडीत बसून म्हणत होती, आज तंद्री लागलेली दिसतेय.

चार दिवसांनी राउटर पर्समध्ये टाकून ती पुन्हा त्या दुकानात गेली. ओरडायचं ठरवून गेली होती. कंपनीवर, कॅमेऱ्यावर, कुणावर तरी. काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग राउटर त्यांच्या संगणकाला जोडला आणि त्याच्या पोटातले मेसेज उघडून दाखवले. तीन होते. निम्मा डेटा संपला. ऐंशी टक्के संपला. तिसरा त्या मंगळवारचा, सकाळी नऊ चौदाचा: मर्यादा संपली, वेग कमी करण्यात आला आहे.

"पण बाबा तर इंटरनेट वापरतच नाहीत," ती म्हणाली. "रविवारचं सोडलं तर त्यांना व्हिडिओसुद्धा नको असतो. मी मोजून डील घेतलं होतं. संपलं कसं?"

बाईंनी चष्मा खाली ओढला. पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. बाहेरून घरात आलेलं जवळजवळ काहीच नाही. सगळं घरातून बाहेर गेलेलं आहे. कॅमेरा नुसता बसून राहिला तर डेटा खात नाही. कुणी बघायला लागलं की मग खातो. जितका वेळ बघाल, तितका." त्या थांबल्या. पुढचं बोलावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे ताई, त्यांनी काही बघितलेलं नाही. त्यांना कुणीतरी फार बघितलंय."

ओरडणं राहूनच गेलं. पुलावरची पंधरा मिनिटं तिच्या डोळ्यांसमोर आली. फोन मांडीवर उघडा, ड्रायव्हरकाका आरशात, आणि ती निवांत.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मोठ्या मर्यादेचं डील दाखवलं. या वेळी तिनं पहिल्यांदा तोच रकाना भरला. स्वतःचा नंबर, खाली नवऱ्याचा, आणि जागा नसताना कडेला टेलरमावशींचा. लेक मांडीवर होतीच. तिनं पेन ओढलं, तर आईनं सोडलं नाही, तेव्हा तिनं भोकाड पसरलं. पसरू दिलं.

बाबा अजून दवाखान्यातच आहेत. भिंतीला धरून चार पावलं टाकतात. घरी जायचं म्हणतात, टेबलाशी बसायचं म्हणतात, कुणाचं तरी घड्याळ द्यायचं राहिलंय म्हणतात. त्या दिवसाबद्दल त्यांनी तिला एका शब्दानं दोष दिलेला नाही. फक्त एक नवीन सवय लागली आहे. ती दारातून आत आली की ते उशीवरून हात वर करतात आणि ती बघते की नाही, हे नीट निरखून घेतात. तिनं मान हलवली की मगच खाली घेतात. ते गमतीनं करतात की खरोखरच, हे विचारायचा धीर तिला होत नाही. तीही दारातच हात वर करते. घरी गेल्यावर रोज अकराला फोन वाजेल, स्प्रिंग उडाली तर उडाली, हे मात्र तिनं त्यांना सांगून ठेवलंय. ते "बघू" म्हणाले.

हे सगळं ती आता भेटेल त्याला सांगत सुटते. पाळणाघरातल्या ताईंना, ड्रायव्हरकाकांना, शाळेच्या शिपायाला. आणि इथवर वाचत आलेल्या तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. तुमचंही कुणीतरी असेल, ज्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघून तुम्ही सकाळपासून निश्चिंत आहात. ते कामात असतील, वैतागतील, तरी आत्ता फोन लावा. तिकडून आवाज आला तरी तेवढ्यावर ठेवू नका. शेजारच्यांना सांगा, नाहीतर स्वतः जा, आणि समोर उभं राहून त्यांना म्हणा, जरा हात वर करा बघू.